क्रांती: पंचांगापासून चौकापर्यंत

लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजी पंचांगात एक शब्द मुद्दाम पाहतात: क्रांतिसाम्य. सूर्य आणि चंद्र यांची क्रांती सारखी होते तो काळ. व्यतीपात आणि वैधृती या नावांनी जुन्या ग्रंथांनी त्याचे दोन प्रकार केले आणि मंगलकार्याला दोन्ही वर्ज्य ठरवले. आजही पंचांगकर्ते त्याची वेळ तास-मिनिटांसह छापतात. वाचणाऱ्याला मनात दचकल्यासारखे होते, कारण बाहेरच्या जगात ‘क्रांती’ म्हटले की डोळ्यांपुढे मशाल, मोर्चा, तुरुंग आणि फास येतो. पंचांगातल्या क्रांतीला यातले काही ठाऊक नाही. विषुववृत्ताची रेषा आकाशात वाढवली, तर तिच्यापासून एखादा ग्रह किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, त्या अंतराचे नाव क्रांती. मार्चच्या एकविसाव्या तारखेच्या आसपास सूर्याची क्रांती शून्य असते. जूनमध्ये ती साडेतेवीस अंश उत्तर होते, डिसेंबरात तितकीच दक्षिण. सिद्धांतग्रंथांनी तिची कमाल मर्यादा 24 अंश धरली होती. सूर्य ज्या वाटेने वर्षभर फिरताना दिसतो ती वाट म्हणजे क्रांतिवृत्त.

हा शब्दाचा जुना आणि पक्का अर्थ. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास 1896 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात क्रांती हा शब्द याच अर्थाने वावरतो, आणि त्याबद्दल कुणाला खुलासा मागावा लागला नसेल. तेव्हा महाराष्ट्रात चाफेकर बंधू तरुण होते, टिळक ‘केसरी’ चालवत होते, प्लेगने पाय ठेवला होता. पुढच्या पन्नास वर्षांत हा आकाशातला शब्द जमिनीवर उतरला आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला सर्वांत मानाचा शब्द झाला. तो कसा उतरला, आणि उतरल्यावर त्याचे काय झाले, हा इतिहास लिहिण्याजोगा आहे.

मूळ धातू ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. याच धातूचे दुसरे लेकरू संक्रांत: सूर्याने एका राशीतून दुसरीत टाकलेले पाऊल. वर्षातून बारा वेळा हे घडते, पण लोकांनी लक्षात ठेवली ती मकरसंक्रांत. आणि बोलीने तिचे काय केले पाहा. तिळगुळाच्या सणाला तेच नाव, आणि ‘त्याच्या नोकरीवर संक्रांत आली’ म्हणतानाही तेच. संक्रांत कशावर बसून आली, कुठल्या दिशेला पाहते, यावरून वर्षाचे अनिष्ट सांगण्याची रीत होती. त्या भीतीतून हा वाक्प्रचार निघाला. तिसरे भावंड उत्क्रांती. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे देहातून जीवाचे बाहेर पडणे, थोडक्यात मरण. डार्विनचा सिद्धांत मराठीत आणताना तोच शब्द वापरला गेला आणि त्याचा अर्थ झाला जीवनाचे टप्प्याटप्प्याने वर चढणे. एकाच घरातल्या तीन शब्दांपैकी एक धास्तीकडे गेला, दुसरा मरणाकडून जीवनाकडे आला आणि तिसरा तख्त उलथवायला निघाला.

युरोपातही असेच झाले होते. कोपर्निकसच्या 1543 सालच्या ग्रंथाच्या लॅटिन नावात जो ‘रेव्होल्यूशन’ आहे, तो आकाशस्थ गोलांच्या परिभ्रमणाचा. फ्रान्समधल्या 1789 च्या घडामोडींनंतर त्या शब्दाचा फिरून जागेवर येण्याशी असलेला संबंध सुटला आणि पूर्वीचे काही शिल्लक न ठेवणारा बदल, असा अर्थ पक्का झाला. भारतीय भाषांनी त्याच्यासाठी आपापले शब्द निवडले. बंगाली, तेलुगू आणि मल्याळमने विप्लव घेतला. त्याच्या मुळाशी पाणी आहे, पूर आहे. उर्दूने इन्किलाब घेतला, उलटेपालटे होणे. तमिळने पुरट्चि. मराठी, हिंदी, गुजराती आणि कन्नड यांनी क्रांती घेतला, म्हणजे ओलांडून जाणे. सुरुवातीला मराठीत त्याच्यामागे ‘राज्य’ लावावे लागे. राज्यक्रांती म्हटल्याशिवाय वाचकाला तो ग्रहगणितातला वाटण्याचा धोका होता. फ्रान्सच्या बाबतीत ती सवय अजून टिकली आहे. आपण ‘औद्योगिक क्रांती’ म्हणतो, ‘रशियन क्रांती’ म्हणतो, पण ‘फ्रेंच राज्यक्रांती’ हा जोडशब्द मात्र सुटत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाकडे उलथापालथीसाठी दुसरेच शब्द होते: बंड, बंडावा, पुंडावा, गदर, धामधूम. 1857 ला मराठी मुलखात ‘शिपायांचे बंड’ म्हणत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्य मिळवायला उत्तरेकडे गेले आणि नेमके त्या वणव्यात सापडले; इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापले, ते सत्तावन्नच्या बंडाची हकीकत म्हणूनच. गोडसे भटजी राणीविषयी किती आदराने लिहितात हे वाचणाऱ्याला माहीत आहे. म्हणजे ‘बंड’ या शब्दात त्या काळच्या माणसाला निंदा ऐकू येतच होती असे नाही. निंदा भरली ती सरकारी कागदांनी.

त्या कागदांत उमाजी नाईक दरोडेखोर होता. पुरंदर भागातल्या या रामोशी पुढाऱ्याला 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी दिली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या 1879 च्या उठावाची नोंदही बंड आणि दरोडे अशीच झाली. 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते एडनच्या तुरुंगात वारले. आज दोघांच्याही नावामागे ‘आद्य क्रांतिकारक’ लागते, आणि खरा आद्य कोण यावर हिरिरीने वाद होतात. त्या वादात एक गोष्ट नजरेआड होते. दोघांनाही हे बिरूद त्यांच्या हयातीत ठाऊक नव्हते.

समाज बदलू पाहणाऱ्यांचा शब्दही वेगळा होता. लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’ पत्रात 1848 पासून आली, त्याच वर्षी युरोपातली सिंहासने डळमळत होती. पण इथला परवलीचा शब्द ‘सुधारणा’ हाच राहिला. आगरकरांनी 1888 साली पत्र काढले ते ‘सुधारक’ नावाने. जोतिराव फुल्यांनी तर स्वतःचाच शब्द घडवला. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या समाजाला त्यांनी नाव दिले सत्यशोधक. 11 मे 1888 रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना दिलेली पदवी होती ‘महात्मा’. क्रांतिबा, क्रांतिसूर्य ही संबोधने नंतरच्या पिढ्यांची, आणि सावित्रीबाईंच्या मागे लागणारे क्रांतिज्योती हेही. ती खोटी आहेत असे कोण म्हणेल? शूद्रातिशूद्रांच्या मुलींसाठी शाळा काढणे हे त्या पुण्यात काय होते, हे अंगावर शेण झेलणाऱ्या सावित्रीबाईच जाणोत. पण ‘सत्यशोधक’ या शब्दात फुल्यांची जी पद्धत आहे, म्हणजे ग्रंथ तपासा, पुरावा मागा, मग झुगारा, ती ‘क्रांतिसूर्य’ या तेजात दिसेनाशी होऊ नये, एवढी काळजी वाटते.

शब्दाला पहिली मोठी कलाटणी लंडनमध्ये मिळाली. तिथे विनायक दामोदर सावरकरांनी सत्तावन्नचा इतिहास मराठीत लिहिला आणि शीर्षकातच ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द घातला. आतल्या पानांवर क्रांती हा शब्द सन्मानाने वावरतो. इकडे गोडसे भटजींची ‘बंडाची हकीकत’ छापली जात होती आणि तिकडे त्याच घटनेचे नाव बदलण्याचे काम चालू होते. मराठी मूळ छापता आले नाही. इंग्रजी भाषांतर 1909 साली निघाले, आणि सरकारने ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी घातली होती. एका शब्दाच्या अदलाबदलीची सरकारला इतकी धास्ती वाटली यातच तिचे महत्त्व कळते. बंड म्हटले की अधिकृत सत्ता आधीच मान्य होते आणि तिच्याविरुद्ध उठणारा अपराधी ठरतो. क्रांती म्हटले की सत्तेच्या हक्कावरच प्रश्न उभा राहतो. सत्तावन्नच्या नावाची ही ओढाताण अजून मिटलेली नाही. बंड, उठाव, स्वातंत्र्ययुद्ध, हे तीनही शब्द मराठी पुस्तकांत आहेत आणि लिहिणारा कोणता निवडतो त्यावरून त्याचा पक्ष ओळखता येतो. बंड हा शब्द मात्र पुढे घसरत गेला. निवडणुकीत तिकीट न मिळालेला उमेदवार आता बंडखोर होतो. 2022 साली शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आमदारांनी आपण बंड नव्हे, उठाव केला असे आग्रहाने सांगितले, ते याच घसरणीमुळे.

पुढचा टप्पा गिरणगावचा. 1927 साली मुंबईच्या कामकरी व शेतकरी पक्षाने मराठी साप्ताहिक काढले आणि त्याचे नावच ‘क्रांती’ ठेवले. राज्य हे उपपद गळून पडले, खुलाशाची गरज संपली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कापड गिरण्यांत सहा महिने संप चालला. 20 मार्च 1929 रोजी मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभर धरपकड झाली तेव्हा श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर ही मराठी नावे त्यात होती. लालबाग-परळच्या चाळींत क्रांती म्हणजे राजा बदलणे नव्हते. तिथे तिचा संबंध पगाराशी, पाळीशी, जॉबरच्या जाचाशी होता.

त्याच 1929 सालच्या 8 एप्रिलला दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकून ‘इन्किलाब झिंदाबाद’ची घोषणा दिली. घोषणा हसरत मोहानींची, आठेक वर्षांपूर्वीची. त्यानंतर एक लक्षणीय वाद झाला. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी विचारले, क्रांती चिरायू होवो याचा अर्थ काय, कायमची अंदाधुंदी? तुरुंगातून भगतसिंग आणि दत्त यांनी उत्तर धाडले, ते डिसेंबरात ‘ट्रिब्यून’मध्ये छापून आले. त्यांचे म्हणणे असे की घोषणेतला शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा नसतो. सशस्त्र झगडा म्हणजेच क्रांती नव्हे. समाजाला जडत्व येऊ नये म्हणून बदलाची आस जिवंत राहावी, हा तिचा अर्थ. फाशी समोर दिसत असताना दोन तरुण एका शब्दाचा अर्थ नीट सांगायला बसतात, ही या शब्दाच्या भारतीय इतिहासातली फार मोठी घटना आहे. पुढे 23 मार्च 1931 रोजी भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू फासावर गेले. ते खेड आता राजगुरुनगर आहे.

मग बेचाळीस. 8 ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले, अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला. 9 ऑगस्ट क्रांतिदिन झाला, गवालिया टँक ऑगस्ट क्रांती मैदान झाले आणि कालांतराने एका मुंबई-दिल्ली राजधानी गाडीलाही ऑगस्ट क्रांती हे नाव मिळाले. गोव्याचा क्रांतिदिन वेगळा: 18 जून. 1946 साली त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेचा हुकूम मोडून सभा घेतली.

बेचाळीसची खरी मराठी कहाणी साताऱ्याची. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, 1943 पासून 1946 पर्यंत नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली समांतर राज्य चालले. त्यांनी त्याला नाव दिले प्रतिसरकार. लोकांनी त्याचे पत्री सरकार केले, कारण गुंडांच्या आणि फितुरांच्या तळपायांना पत्र्या ठोकल्याच्या कथा गावोगाव पोचल्या होत्या. कुंडलच्या जी. डी. लाडांच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वेगाडी अडवली, खानदेशात चिमठाण्याजवळ खजिना लुटला. हे प्रसंग सांगायला रंगतदार आहेत, म्हणून तेच पुनःपुन्हा सांगितले जातात. त्याहून मोलाचे काम न्यायदान मंडळांनी केले. जमिनीचे तंटे, सावकाराचे गहाणखत, टाकलेल्या बायकांच्या तक्रारी यांचा निवाडा गावातच होऊ लागला. हुंडा-मानपानाशिवाय थोड्या खर्चात गांधी-विवाह लागले. कोर्टाची पायरी लोकांनी आपण होऊन सोडली. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणतात ती अशी, आणि ती गेली तेव्हा तिथला शेतकरी क्रांती हा शब्द न उच्चारता ‘सरकार’ म्हणत होता. क्रांतिसिंह हे नानांचे बिरूद त्या कामाची पावती आहे.

स्वातंत्र्यानंतर शब्दाला मान खूप मिळाला आणि काम कमी झाले. पाट्यांवर तो आला. कुंडलचा साखर कारखाना क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांच्या नावाचा आहे. ज्या माणसाने खजिना लुटला त्याच्या नावाने गाळप होते, हे सहकाराच्या महाराष्ट्रात शोभून दिसते. मुलामुलींची नावे क्रांती ठेवली गेली. पाट्यांबरोबर एक चूकही पसरली. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ‘क्रांति’चा शेवट दीर्घ केला; पण समासात तो ऱ्हस्वच राहतो. क्रांतिवीर, क्रांतिकारक, क्रांतिदिन असे लिहायचे. चौकांतल्या कमानी ‘क्रांतीवीर’ लिहितात, आणि ते रंगवणाऱ्यांपेक्षा मजकूर देणाऱ्यांनी तपासायला हवे.

दुसरीकडे सरकारी योजनांनी तो उचलला. 8 मार्च 1968 रोजी विल्यम गॉड या अमेरिकी अधिकाऱ्याने गहू-तांदळाच्या वाढत्या पिकांना उद्देशून ‘हरितक्रांती’ हा शब्द वापरला, तो मुद्दाम सोव्हिएतांच्या लाल क्रांतीच्या आणि इराणच्या शहाच्या श्वेत क्रांतीच्या तोडीला. म्हणजे क्रांती होऊ नये म्हणून हे नाव क्रांतीचे! भारतात त्याच्या मागोमाग दुधाची धवलक्रांती, माशांची नीलक्रांती आली. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांना हरितक्रांतीचे प्रणेते म्हणतात आणि त्यांचा 1 जुलै हा जन्मदिवस कृषिदिन म्हणून पाळतात. शेतकऱ्याने मात्र आपला शब्द केला: हायब्रीड. ज्वारी हायब्रीड, भाकरी हायब्रीड, आणि पुढे नव्या वळणाची पोरेही हायब्रीड. नवे बियाणे, खत, कर्ज आणि बदललेली चव हे सगळे त्या एका शब्दात आले. ‘हरितक्रांती’त त्यातले काहीच आले नाही.

शब्दाला त्याचा जोर परत देण्याचे प्रयत्न झाले. साठच्या दशकात पुण्यात युवक क्रांती दल, म्हणजे युक्रांद, उभे राहिले. 5 जून 1974 रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाश नारायणांनी ‘संपूर्ण क्रांती’ची हाक दिली. संपूर्ण हे विशेषण लावावे लागले, यावरूनच नुसती क्रांती किती झिजली होती ते कळते.

9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, क्रांती चौकातून, पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. 13 जुलैला कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, त्याच्या संतापातून. दिवस क्रांतीचा, चौक क्रांतीचा, मोर्चाही क्रांतीचा. पण तो मूक होता. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत, पुढे मुली, शेवटी अधिकाऱ्यांना निवेदन. अत्यंत शिस्तीने सरकारकडे मागणे मांडणाऱ्या लाखोंच्या समूहाला क्रांती हेच नाव घ्यावेसे वाटले. मागणे न्याय्य असू शकते, समूह प्रचंड असू शकतो. तरी निवेदन देणे आणि सत्तेचा पाया बदलणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर शब्दाने पुसू नये.

असे अंतर न राखण्याची सवय सर्वांचीच आहे, टूथपेस्टच्या जाहिरातीपासून पक्षांच्या जाहीरनाम्यापर्यंत. म्हणून शब्द जिथे पुरेपूर बसतो अशी एक जागा नीट पाहावी. महाडला आज क्रांतिस्तंभ आहे, आणि ‘क्रांतिकारी जय भीम’ हा नमस्कार हजारो निमंत्रणपत्रिकांवर छापला जातो. त्यामागे घडले ते असे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने त्याला मान्यता दिली. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. त्या वेळच्या मराठी भाषणात आंबेडकरांनी या सभेची तुलना 1789 साली व्हर्सायला जमलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी केली. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, उसन्या जागेवर घातलेल्या मांडवात. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. पुढे 1954 साली आंबेडकरांनीच सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ हा त्यांचा अपुरा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1987 साली, महाराष्ट्र शासनाने छापला. त्यात क्रांती हा शब्द त्यांनी बौद्ध धम्माच्या उदयाला लावला आहे.

तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चालला. तळे खासगी आहे, हा स्पृश्य वादींचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी फेटाळला आणि चवदार तळ्याचे पाणी कायद्याने सर्वांचे झाले.